पोट लहान करावं का? वजनाच्या ऑपरेशनचं गणित

आपल्या होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी 'जाड्या' आणि एक तरी 'टँकर' असतोच. (आमच्या माणदेशात उन्हाळ्यात टँकर म्हणजे साक्षात देव; इथे मात्र त्याची शिवी होते!) त्याला मिळणारे सल्लेही ठरलेले. पहाटे ग्राउंडला जा, भात सोड, गरम पाण्यात मध-लिंबू घे. अलीकडे त्यात एका नव्या सल्ल्याची भर पडली आहे : "ऑपरेशन करून टाक ना, एका दिवसात काम तमाम!" सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते ऑपरेशन नक्की कशावर करतात हेच माहीत नसतं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मग म्हसवडच्या माझ्या मावशीसमोर हाच प्रश्न उभा राहिला आणि घरात 'शिकलेला' म्हणून सगळी चौकशी माझ्या गळ्यात पडली. मेकॅनिकलच्या पोराला पोटाचं काय कळतंय? पण बघता बघता लक्षात आलं, की हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आधी सर्वांत मोठा गैरसमज. या ऑपरेशनमध्ये चरबी काढत नाहीत. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन. ते दिसण्यासाठी असतं आणि त्याने मधुमेह किंवा रक्तदाब बरा होत नाही. आपण बोलतोय ती बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी. ती जठरावर आणि आतड्यावर होते. चरबीला सर्जन हातही लावत नाही, ती पुढच्या वर्ष-दीड वर्षात शरीर स्वतःच खर्च करतं.

आता आकडे. बीएमआय सगळ्यांना माहीत आहे : किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. कॅल्सी हातात घ्या आणि काढून बघा. गंमत म्हणजे हे सूत्र कुठल्या डॉक्टरचं नाही. १८३०च्या दशकात बेल्जियमच्या केटले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने लोकसंख्येचा अभ्यास करताना ते मांडलं. म्हणजे ते मुळात घोळक्यासाठी होतं, एकट्या माणसासाठी नव्हतं. त्याचा दोष कुठे आहे ते आपल्या पुण्यातच सापडलं. केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबीवाला, असा हा आपला भारतीय सांगाडा. म्हणून गोऱ्या लोकांसाठी लठ्ठपणाची रेघ ३०वर असली, तरी आपल्याकडे ती २५वर धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की वजनकाटा काहीही म्हणो, सावध व्हावं.

मग वजन वाढलंच आहे तर कमी खावं, जास्त पळावं, ऑपरेशन कशाला? हा प्रश्न मीही विचारला. आमच्या माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी पळत नसेल तर तो आळशीच, असा शिक्का बसतो. पण थर्ड इयरचा कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर आठवा. शरीराला एक सेट पॉइंट असतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. साठा किती आहे याचा तो सिग्नल. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन येतं, ते भुकेची घंटा वाजवतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा कंट्रोलर. तुम्ही उपास करून पंधरा किलो उतरवले, की कंट्रोलरला वाटतं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. शुद्ध निगेटिव्ह फीडबॅक!

हे नुसतं म्हणणं नाही. अमेरिकेत वजन घटवण्याच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम गाजला होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि निष्कर्ष २०१६ साली छापले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढी ऊर्जा जाळायला हवी, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे रोजच्या दोन-तीन भाकऱ्यांचा हिशेब सहा वर्षांनंतरही चुकताच. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्याने आधी हा आकडा बघावा. पाच-सात किलो जास्त असलेल्या माणसाला आहार-व्यायामाने नक्की फरक पडतो. पण चाळीस किलो जास्त असलेल्या माणसाची लढाई वेगळी असते.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. यातल्या जठराच्या बायपासची सुरुवात १९६६ साली अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी केली. आज दुर्बिणीतून, पोटाला चार-पाच भोकं पाडून करतात आणि पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो. मुख्य प्रकार दोन. पहिला स्लीव्ह. यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला खाली जोडतात. अन्न बाकीच्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं, अगदी बायपास रोडसारखं.

बघणाऱ्याला वाटतं टाकी लहान केली, एवढंच. तसं असतं तर माणूस सतत उपाशी राहिला असता. खरी गोष्ट अशी, की टाकीबरोबर सेन्सरचं वायरिंगही बदलतं. स्लीव्हमध्ये घ्रेलिन तयार करणारा मोठा भाग निघून जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचतं आणि पोट भरल्याचे सिग्नल देणारी हार्मोन्स जोरात सुटतात. सेट पॉइंटच खाली येतो. म्हणूनच अनेक मधुमेहींची साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. डॉक्टर हल्ली याला 'मेटाबॉलिक सर्जरी' म्हणतात ते याचमुळे.

आपल्या महाराष्ट्रात हा विषय चर्चेत आला तो २०११ साली. नितीन गडकरी तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते लपवलं नाही. मोठ्या माणसाने उघड सांगितलं की बाकीच्यांची भीड चेपते. पुढे २०१७च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका स्थूल पोलीस अधिकाऱ्याचा फोटो टाकून टिंगल केली. ते मुंबई पोलिसांतले नव्हतेच. ते मध्य प्रदेशातले निरीक्षक दौलतराम जोगावत. आपलं वजन खाण्याने नाही, आजारपणाने वाढलं असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. विंगमध्ये नावं ठेवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

त्याच हॉस्पिटलमधली त्याच वर्षीची दुसरी केस जगभर गाजली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची इमान अहमद. वजन सुमारे ५०० किलो. मालवाहू विमानाने तिला फेब्रुवारीत मुंबईत आणलं, पलंगासकट क्रेनने उचलून आत नेलं. मार्चमध्ये स्लीव्ह झाली, वजन झपाट्याने उतरलं. मग तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात तिच्या तब्येतीवरून जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबर २०१७ला तिचं तिथे निधन झालं. आमच्या घरात हे नाव निघालं की चर्चा तिथेच थांबायची. "बघ, मेली ना ती बाई!" पण इमान अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिला आधी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हृदय आणि मूत्रपिंडांचा त्रास होता. तिच्यावरून आपल्या मावशीचा अंदाज बांधणं म्हणजे शर्यतीच्या गाडीचा अपघात बघून एसटीत न बसण्यासारखं आहे. सर्वसाधारण पेशंटमध्ये, अनुभवी ठिकाणी, या ऑपरेशनने मृत्यू होण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. टाके गळण्याचं प्रमाण शंभरात एखादं. उलट बाजूला स्वीडनमध्ये चार हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर २००७ साली दिसलं, की ऑपरेशन केलेल्या गटात मृत्यूंचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतं. धोका ऑपरेशन करण्यात आहे, तसा न करण्यातही आहे. आपण मोजताना फक्त पहिला मोजतो.

आता मावशी. वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९८. बीएमआय ३९.३. चार वर्षांपासून मधुमेह, रक्तदाब, गुडघे गेलेले आणि रात्री असं घोरणं की शेजारची म्हैस दचकावी. काकांचं म्हणणं, "देवानं दिलेलं पोट कशाला कापायचं? सिद्धनाथाला पायी जा, उतरंल वजन." पुण्यात नोकरी करणाऱ्या मावसभावाचं म्हणणं, ताबडतोब करून टाकू. आणि मावशीचं म्हणणं, "आरं, पोट कापून घ्यायचं आन् परत खायचं बी नाय, मग जगायचं कशासाठी?" तिघांचंही ऐकून मी एका सर्जनकडे चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेऊन गेलो. तिथे कळलं, की करायचं की नाही हा प्रश्नच आम्ही उलटा विचारत होतो. सर्जनने पहिल्यांदा वजन विचारलंच नाही. त्यांनी विचारलं : "कशासाठी करायचंय? आणि त्यानंतर त्या राहणार कुठे?"

कशासाठी, हे सोपं होतं : साखर आणि झोप. बारीक दिसण्यासाठी असतं तर निराशाच झाली असती, कारण साधारण एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के उतरतं. मावशीचे ९८ म्हणजे सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास येतील, ४८ होणार नाहीत. सैल कातडी लोंबते. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, नंतर बहुधा परत येतात. काही वर्षांत थोडं वजन पुन्हा चढतं. साखरेचं मात्र खरंच बोलण्यासारखं आहे. अमेरिकेत १५० मधुमेहींवर एक चाचणी झाली, तिचे पाच वर्षांचे निकाल २०१७ साली आले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा खाली ठेवणं नुसत्या औषधांवर ५ टक्के लोकांना जमलं, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९ टक्क्यांना. म्हणजे शंभर टक्के बरा होतो, ही जाहिरात खोटी. पण फरक मोठा. मधुमेह जितका नवा तितकी आशा जास्त. इन्सुलिनवर पंधरा वर्षं काढून मग येणाऱ्याला तेवढा फायदा होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाने, "राहणार कुठे", आम्ही गप्प झालो. म्हसवड. पुण्याला सकाळी निघालं तर काम उरकून घरी यायला रात्र. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक : ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, नाडी १२०च्या वर धावणं, ही टाका गळत असल्याची लक्षणं असू शकतात आणि तेव्हा 'सकाळच्या गाडीने जाऊ' चालत नाही. म्हणून ते दिवस मावसभावाच्या खोलीवर काढायचे ठरले. नंतरही पहिल्या वर्षात ठरावीक महिन्यांनी तपासणी, पुढे दर वर्षी रक्त, आणि आयुष्यभर गोळ्या : बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पुण्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासांत बी-१२ची कमतरता तशीही सर्रास सापडते, त्यात जठर कापलेलं. गोळ्या सोडल्या तर दोन-चार वर्षांनी हातापायाला मुंग्या, रक्त कमी, हाडं ठिसूळ. उलट्या थांबत नसतील तर बी-१ घसरून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना.

जेवणाचं मात्र मावशीला वाटलं तेवढं वाईट निघालं नाही. पहिले दोन आठवडे पातळ : ताक, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप. मग मऊ, आणि महिना-दीड महिन्याने हळूहळू नेहमीचं. हुलग्याचं माडगं चालेल का, हा प्रश्न मीच विचारला. आहारतज्ज्ञ बाई हसल्या, पण "पातळ केलं तर जरूर" म्हणाल्या. ताटात आधी मटकी, अंडं, मासा, पनीर. भाकरी शेवटी, आणि प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही. बायपासनंतर गोड जास्त खाल्लं तर घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. रथाच्या जत्रेत मटण खाता येईल, पण वाटीभर, आणि कुणाच्या आग्रहाला बळी न पडता. आता आमच्याकडे आग्रह मोडणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड, हे वेगळं सांगायला नको.

खरी अडचण निघाली ती कुणी न विचारलेल्या दोन गोष्टींत. मावशी गुडघ्यांसाठी जवळजवळ रोज दुखणं थांबवायची गोळी घेते. बायपास झाल्यावर अशा बऱ्याच गोळ्यांनी जोडाजवळ अल्सर होतो, म्हणून त्या बंद. आणि दुसरी मिश्री. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. तंबाखू कुठल्याही रूपात, आधी बंद करायची आणि नंतरही नाही. जखम भरत नाही आणि अल्सर होतात. पोट कापायला तयार झालेली बाई मिश्रीच्या डबीसाठी अडून बसली, यावर घरात बरेच विनोद झाले. पण माझ्या मते निर्णयाचा कस तिथेच लागतो. बायपासऐवजी स्लीव्ह केली तर गोळ्यांचा धोका कमी, पण तिला छातीत जळजळ आहे आणि स्लीव्हने ती वाढू शकते. दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावंच लागतं, आपल्या डिझाइनच्या पेपरसारखं.

तेवढ्यात मावसभावाने इंजेक्शनचं काढलं. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही आपल्याकडे बाजारात आलं. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं. चाचण्यांमध्ये वेगोव्हीतल्या औषधाने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के, तर मौंजारोतल्या औषधाच्या मोठ्या डोसने सुमारे २१ टक्के वजन उतरलं. कापाकापी नको असणाऱ्यांसाठी हा खरा पर्याय आहे आणि काही सर्जन आधी हेच सुचवतात. पण वेगोव्हीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे खर्च दर महिन्याचा आणि बहुधा कायमचा.

पैशांचं म्हणाल तर ऑपरेशनला खासगी दवाखान्यात काही लाख लागतात. इथे एक उपयोगी माहिती. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९च्या नियमांनुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन विम्यातून वगळलेलं असलं, तरी ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर ते नाकारता येत नाही : वय १८च्या वर, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५च्या वर असून साधे उपाय फसल्यावर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ वेगळा बघावा. डॉक्टरांचे निकष यापेक्षा सैल आहेत. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आशियाई लोकांना २७.५पासूनच विचार करायला सांगतात. पण विम्याचा कागद अजून जुन्याच आकड्यांवर चालतो. मावशी ३९.३वर, म्हणजे चाळिशीला ०.७ कमी! काका म्हणाले, "मग दोन किलो वाढव की." विनोद म्हणून ठीक, पण झोपेची तपासणी करून घेतल्यावर तिची गरज पडली नाही. श्वास अडकण्याचा विकार गंभीर निघाला. त्या घोरण्यावर आम्ही इतकी वर्षं हसत होतो.

होस्टेलवाल्यांसाठी दोन शब्द. बीएमआय २८ आहे, साखर-रक्तदाब ठीक आहे आणि प्लेसमेंटच्या फोटोसाठी बारीक व्हायचंय, असा कुणी असेल तर हे ऑपरेशन त्याच्यासाठी नाही. ३५च्या पुढे असाल तर मात्र लाज न बाळगता आधी थायरॉइड, साखर, यकृत आणि झोप तपासून घ्या. जाहिरातीतल्या फोन नंबरला नव्हे, डॉक्टरला विचारा. लग्न ठरवण्यासाठी मुलींवर घरून या ऑपरेशनचा दबाव येतो, तोही ऐकला आहे. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की नंतर वर्ष ते दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. हे लग्नाच्या बोलण्यात कुणी काढत नाही. आणि ऑपरेशननंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, हे कुणाला सांगायचं ते सुज्ञांनी ओळखावं!

मावशीने होकार दिला आहे, पण अजून तारीख घेतलेली नाही. मिश्री बंद करून आज चौदावा दिवस. सर्जनने सहा आठवडे सांगितलेत, शिवाय तोपर्यंत रात्री श्वासाचं मशीन लावून झोपायचं. मशीन आल्यापासून काकांना झोप लागेना, म्हणतात घर फारच शांत झालंय.